रॉबिन ऑफ शेरवुड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉबिन हूडवर इतकं काही आलंय. ही नेमकी कोणती मालिका?

ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर १९८४ ते १९८६ या काळात दाखवली गेलेली. एचटीव्ही या प्रादेशिक कंपनीने गोल्डक्रेस्ट या चित्रपट कंपनीच्या पैशांच्या जोडीने ती काढली. कल्पना आणि बहुतेक लेखन रिचर्ड कार्पेंटर यांचं, निर्माते पॉल नाइट. पहिल्या दोन पर्वांत मायकेल प्रेड आणि तिसऱ्यात जेसन कॉनरी रॉबिन झाला आहे. नायक मध्येच बदलतो, जंगलात शिंगं ल्यालेला हर्न दिसतो, मागे आयरिश गाणी वाजतात, अशी खूण कोणी सांगितली की ती हीच. बीबीसीची २००६ साली सुरू झालेली मालिका वेगळी आणि १९९१चा केविन कॉस्टनरचा चित्रपटही वेगळा.

एकूण भाग किती? एका यादीत २६ दिसतात, दुसरीत २४.

दोन्ही याद्या बरोबर आहेत. पहिल्या पर्वात ६, दुसऱ्यात ७ आणि तिसऱ्यात १३ मिळून २६ भाग होतात, प्रत्येक सुमारे ५० मिनिटांचा. पण सुरुवातीची ‘रॉबिन हूड अँड द सॉर्सरर’ आणि दुसऱ्या पर्वातली ‘द स्वोर्ड्स ऑफ वेलंड’ या दोन कथा दुप्पट लांबीच्या आहेत. त्या अखंड धरल्या की आकडा २४ वर येतो. तिसऱ्या पर्वातल्या ‘हर्न्स सन’ आणि ‘द टाइम ऑफ द वुल्फ’ याही जोडकथाच, पण त्या पहिल्यांदा दाखवतानाच दोन वेगवेगळ्या आठवड्यांत विभागल्या होत्या, म्हणून त्या सहसा तुटकच मोजतात.

याचा त्रास होतो तो फाइलींना नावं देताना. एका यादीचे क्रमांक दुसऱ्या यादीतल्या भागांना लावले की दुसऱ्या भागापासूनच सगळं एकाने सरकतं. क्रमांकावर विसंबू नका, नाव जुळवून पाहा.

कोणत्या क्रमाने बघावी? मधलं कुठलंही पर्व उचललं तर चालेल?

पहिल्यापासून, ओळीने. ‘दुसऱ्या रॉबिनची आवडते म्हणून तिसऱ्या पर्वापासून सुरू करतो’ म्हणणारे खूप असतात, आणि नुकसान त्यांचंच होतं. तिसऱ्या पर्वाचा सगळा भार दुसऱ्याच्या शेवटावर, म्हणजे ‘द ग्रेटेस्ट एनिमी’वर आहे. तो न पाहता ‘हर्न्स सन’ पाहिला तर एक श्रीमंत पोरगा जंगलात येऊन पुढारी होतो, एवढंच हाती लागतं. रॉबिनच्या टोळीतले विल आणि जॉन त्याच्यावर का चिडतात, टोळीतलीच मॅरियन त्याच्याकडे बघायचं का टाळते, हे कळत नाही.

वेळ कमी असेल तर निदान एवढे भाग याच क्रमाने बघा: ‘रॉबिन हूड अँड द सॉर्सरर’, ‘द किंग्ज फूल’, ‘द प्रॉफसी’, ‘द स्वोर्ड्स ऑफ वेलंड’, ‘द ग्रेटेस्ट एनिमी’, ‘हर्न्स सन’, ‘द क्रॉस ऑफ सेंट सिरिकस’, ‘द टाइम ऑफ द वुल्फ’. ‘द एन्चांटमेंट’ वगळलेला चालतो. मात्र बॅरन द बेलेम हा काळी विद्या करणारा सरदार आवडला असेल तर तो बघाच, कारण मेलेला बेलेम तिथे परत येतो.

पुढचं उत्तर वाचू का? रहस्यभेद आहे का?

आहे. ‘द ग्रेटेस्ट एनिमी’ पाहिला नसेल तर पुढचा प्रश्न सोडून ‘हर्न’च्या प्रश्नावर जा.

दोन रॉबिन का?

कारण दोन आहेत, एक व्यवहाराचं आणि एक गोष्टीतलं.

व्यवहाराचं असं की मायकेल प्रेड दुसऱ्या पर्वानंतर अमेरिकेत गेला. आधी ब्रॉडवेवरच्या संगीतिकेत आणि नंतर ‘डायनॅस्टी’ या मालिकेत. अशा वेळी नट बदलून काहीच घडलं नाही असं भासवायची टीव्हीवर जुनी सवय आहे. कार्पेंटर यांनी तसं न करता लॉक्सली गावच्या रॉबिनला टेकडीवर शेरीफच्या, म्हणजे राजाच्या अधिकाऱ्याच्या, सैनिकांच्या वेढ्यात मारलं आणि त्याच्या जागी हंटिंग्डनच्या अर्लचा मुलगा रॉबर्ट आणला.

गोष्टीतलं कारण जास्त रंगतदार आहे. मुळात रॉबिन हूडच्या आख्यायिकेतच दोन रॉबिन आहेत. जुन्या पोवाडेवजा इंग्रजी गाण्यांमध्ये तो ‘योमन’ आहे, म्हणजे सरदारही नाही आणि वेठबिगारही नाही, मधल्या थरातला मोकळा माणूस. त्याला हंटिंग्डनचा अर्ल केलं १५९८ साली अँथनी मंडे याने, आपल्या दोन नाटकांत. तेव्हापासून अभ्यासक आणि हौशी लोक ‘खरा रॉबिन गावकरी की सरदार’ यावर वाद घालत आले. मालिकेने एकाची बाजू न घेता दोघांनाही रॉबिन केलं. आधी गावकरी, त्याच्या मरणानंतर सरदाराचा मुलगा. त्यामुळे ‘रॉबिन हूड’ हे इथे एका माणसाचं नाव उरत नाही. ती डोक्यावर घ्यायची टोपी आहे, एक गेला की दुसऱ्याने उचलायची. इतर कुठल्याही रॉबिनपटात ही कल्पना इतकी पुरती वापरलेली नाही, आणि आमच्या मते मालिका आजही टिकून आहे ती याच्या बळावर. तलवारी आणि जादू नंतर.

कॉनरीचा रॉबर्ट प्रेडच्या रॉबिनपेक्षा कमी वजनाचा वाटतो, ही तक्रार नेहमीची आहे आणि ती अगदीच खोटी नाही. तिसरं पर्व १३ भागांचं असल्याने लेखनही कमीजास्त उतरलं आहे. पण ‘द क्रॉस ऑफ सेंट सिरिकस’पर्यंत थांबा. रॉबर्ट आणि शेरीफचा हस्तक गाय ऑफ गिझबर्न यांचं नातं तिथे उघड होतं, आणि त्यानंतर त्यांच्या प्रत्येक झुंजीचा रंग बदलतो.

हर्न देव आहे की माणूस?

माणूसच. तो गुहेत राहतो, हरणाचं मुंडकं शिंगांसकट डोक्यावर चढवतो, आणि ते उतरवलं की खाली म्हातारा चेहरा दिसतो. जॉन ॲबिनेरी यांनी तो केला. पण मुंडकं चढलेलं असताना त्याच्यातून जंगलाचा देव बोलतो, असं मालिका सुचवते. अंगात येणं ज्यांनी जत्रेत पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावायला नको.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हर्न हा रॉबिन हूडच्या जुन्या गाण्यांत कुठेच नाही. त्याचा पहिला लिखित उल्लेख शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये येतो, आणि तोही विंडसरच्या जंगलातलं भूत म्हणून. विंडसर थेम्सकाठी, शेरवुडपासून दीडशे किलोमीटरहून जास्त दूर. त्याला उत्तरेत आणून रॉबिनचा गुरू केला तो या मालिकेने. ‘प्राचीन केल्टिक दंतकथेनुसार हर्नने रॉबिनला…’ अशी वाक्यं कुठे वाचलीत तर लिहिणाऱ्याने ही मालिका पाहिली आहे इतकंच समजावं.

जादूचे नियम काय? कधी चालते, कधी चालत नाही असं वाटतं.

नियम ठरलेले आहेत, फक्त कोणी ते बोलून दाखवत नाही.

हर्न दृष्टान्त देतो, इशारा देतो, पण स्वतः लढत नाही आणि लढाई जिंकूनही देत नाही. त्याचं बोलणं कोड्यात असतं आणि रॉबिनला त्याचा अर्थ बहुतेक वेळा उशिरा लागतो.

दुसरी शक्ती वेलंड लोहाराच्या सात तलवारींची. नावं अशी: अल्बियन, सोलास, मोरॅक्स, ओरियास, एलिडोर, बेलेथ, फ्लॉरोस. रॉबिनकडे अल्बियन असते, हर्नने दिलेली. या तलवारींत उजेड आणि अंधार दोन्ही भरलेले आहेत, म्हणून सातही एकत्र येणं हे वरदान नसून संकट आहे. ‘द स्वोर्ड्स ऑफ वेलंड’चा सगळा पेच हाच. वेलंड हा लोहार खऱ्या अँग्लो-सॅक्सन दंतकथेतला आहे. ऑक्सफर्डशरमधल्या नवाश्मयुगीन थडग्याला आजही ‘वेलंड्स स्मिदी’ म्हणतात. सात तलवारी आणि त्यांची नावं मात्र मालिकेची.

तिसरी काळी विद्या, ती बॅरन द बेलेम, मॉर्गविन आणि गुलनार यांची. (गुलनार हे नाव ऐकून कोणी बाई येणार म्हणून वाट पाहाल. तो पुरुष आहे. रिचर्ड ओब्रायन.) ही विद्या माणसाचं मन धरते. लिटल जॉन पहिल्यांदा भेटतो तेव्हा तो बेलेमच्या अमलाखालीच असतो. ती मोडते ती प्रतिमंत्राने नव्हे, बहुतेक वेळा कोणीतरी घाबरायचं थांबल्यामुळे.

शेरीफ आणि गिझबर्न यांच्याकडे जादू अजिबात नाही. त्यांच्याकडे करवसुली आणि फाशीचा दोर आहे. जादूचे भाग आणि करवसुलीचे भाग आलटून पालटून येतात, म्हणून ‘मधेच जादू गायब झाली’ असं वाटतं.

नासिर हा जुन्या कथेतला आहे का?

नाही. रॉबिनच्या टोळीत सारासेन, म्हणजे पश्चिम आशियातला मुस्लिम योद्धा, या मालिकेने पहिल्यांदा आणला. मार्क रायनने केलेला नासिर सुरुवातीला बेलेमचा माणूस असतो. पहिल्याच कथेत त्याला मारायचं ठरलं होतं, पण चित्रीकरण करताना तो सगळ्यांना इतका आवडला की ठेवून घेतला. संवाद आधी लिहिलेले नसल्यामुळे तो पुढेही फार कमी बोलतो. मितभाषीपणा हा स्वभाव म्हणून खपून गेला, आणि दोन तलवारींनी लढणारा गप्प माणूस म्हणूनच तो लोकांच्या लक्षात राहिला. १९९१च्या चित्रपटात मॉर्गन फ्रीमनचा अझीम आला, नंतरच्या रूपांतरांतही असं पात्र येत राहिलं, आणि आता अनेकांना ते मुळातलंच वाटतं.

मग जुन्या कथेत नेमकं काय आहे?

रॉबिन हूडच्या गाण्यांचा पहिला उल्लेख सुमारे १३७७ सालच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात आहे. तिथला आळशी पाद्री म्हणतो, मला प्रार्थना येत नाही, पण रॉबिन हूडची गाणी येतात. हाती असलेली सर्वांत जुनी गाणी पंधराव्या शतकातली. त्यांत लिटल जॉन, विल, मच आणि शेरीफ आहेत. मॅरियन नाही. ती आणि पाद्री टक हे दोघे मे महिन्यातल्या जत्रांच्या खेळांतून नंतर कथेत शिरले. जुन्या गाण्यांचं मुख्य रान बऱ्याचदा यॉर्कशरमधलं बार्न्सडेल आहे. राजासुद्धा रिचर्ड नाही, ‘एडवर्ड’ आहे. रिचर्ड आणि त्याचा भाऊ जॉन या राजांच्या काळात रॉबिनला नेलं ते स्कॉटिश इतिहासकार जॉन मेजर याने, १५२१ साली.

श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणं, हेही जुन्या गाण्यांत आज वाटतं तितकं ठळक नाही. ते पुढच्या शतकांत वाढत गेलं. आपल्याकडे तंट्या भिल्लाला इंग्रजी वर्तमानपत्रांनी ‘भारताचा रॉबिन हूड’ म्हटलं, तोपर्यंत ‘रॉबिन हूड’चा अर्थ हाच आणि एवढाच झाला होता.

‘आउटलॉ’ म्हणजे दरोडेखोरच ना?

नाही, आणि मालिका समजायला हा फरक हवा. दरोडेखोर हा त्याच्या कामावरून ठरतो. आउटलॉ हा कायद्याने दिलेला दर्जा आहे. बोलावूनही कोर्टात हजर न झालेल्याला कायद्याबाहेर काढलं जाई. मग त्याची मालमत्ता जप्त होई आणि त्याला मारणाऱ्यावर खुनाचा गुन्हा लागत नसे. वाळीत टाकणं याच्या जवळ जातं, पण वाळीत जात टाकते आणि जीव सहसा वाचतो. इथे टाकणारं राज्य असतं आणि जीव कोणीही घ्यावा. अशा माणसाला ‘लांडग्याचं डोकं’ म्हणत, कारण लांडग्यासारखाच तो दिसेल तिथे मारायचा. मालिकेत पात्रं एकमेकांना ‘वुल्फ्सहेड’ म्हणतात ते यामुळे. सबटायटलमध्ये तो शब्द नुसती शिवी वाटतो.

पहिल्या कथेत मचने, म्हणजे रॉबिनच्या मानलेल्या भावाने, हरीण मारलं म्हणून एवढं रामायण का, हाही प्रश्न याच्याच पोटातला. नॉर्मन राजांनी मोठमोठे प्रदेश ‘राजाचं जंगल’ म्हणून राखून ठेवले होते. त्यात गावं आणि शेतंही येत. तिथलं हरीण राजाचं. हा कायदा पुढे १२१७च्या वन-सनदेने बराच सैल झाला, म्हणजे मालिकेच्या काळानंतर.

इतिहास कितपत खरा?

तपशिलात मोकळीक आहे, पण राजकारण चांगलं पकडलं आहे. ‘द किंग्ज फूल’मधला रिचर्ड बघा. इतर रॉबिनपटांत तो शेवटी येऊन सगळं गोड करणारा राजा असतो. इथे तो लढाईच्या नादात असलेला, माणसं वापरून फेकणारा राजा आहे. खऱ्या रिचर्डने दहा वर्षांच्या राज्यात इंग्लंडमध्ये जेमतेम सहा महिने काढले, आणि देशाकडून त्याला हवा होता तो मुख्यतः युद्धाचा पैसा. १९८४ साली टीव्हीवर हे दाखवणं धाडसाचंच होतं.

शेरीफ रॉबर्ट द रेनो काल्पनिक आहे. पण ‘द शेरीफ ऑफ नॉटिंगहॅम’ या भागात त्याची जागा घ्यायला येणारा फिलिप मार्क खरा होता. जॉन राजाने त्याला नॉटिंगहॅमचा शेरीफ नेमलं, आणि तो इतका नकोसा झाला की १२१५च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या ५०व्या कलमात त्याला नाव घेऊन काढायला सांगितलं आहे. ‘द चिल्ड्रन ऑफ इस्रायल’ या भागात ज्यूंना वाटणारी भीतीही खरी आहे. मार्च ११९० मध्ये यॉर्कला ज्यूंची कत्तल झाली होती.

संगीत कोणाचं? एन्याने गायलंय का?

आयर्लंडमधल्या डॉनेगल परगण्यातल्या क्लॅनाड या कौटुंबिक बँडचं. पुढे प्रसिद्ध झालेली गायिका एन्या त्याच घरातली आणि काही काळ बँडमध्ये होती, पण १९८२ साली बाहेर पडली. या संगीतात ती नाही, मुख्य आवाज तिची बहीण मॉया ब्रेनन हिचा. ‘लेजेंड’ हा अल्बम १९८४ साली आला, दहा गाण्यांचा, आणि त्यातलं शीर्षकगीत ‘रॉबिन (द हूडेड मॅन)’. या संगीताला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

चित्र दाणेदार आणि धुरकट दिसतं. प्रत खराब आहे का?

बहुधा नाही. मालिका स्टुडिओत व्हिडिओवर न करता बाहेर रानात १६ मिमी फिल्मवर चित्रित झाली. ३५ मिमीपेक्षा हिची चौकट लहान, म्हणून मोठ्या पडद्यावर दाणा दिसणारच. धुकं, धूर आणि झाडांतून येणारा तिरपा उजेड हे मुद्दाम केलेलं आहे.

टीव्हीची ‘नॉइज रिडक्शन’ आणि ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. चालू असली की दाणा पुसताना पानंही पुसली जातात आणि माणसं मेणाची दिसतात. चौकट ४:३ ठेवा. बाजूच्या काळ्या पट्ट्या असायलाच हव्यात. ‘स्ट्रेच’ केलं तर लिटल जॉन आहे त्याहून रुंद होतो, आणि ‘झूम’ केलं तर वरची कड कापली जाऊन हर्नची शिंगं जातात.

परदेशातून डिस्क मागवली तर इथे चालेल?

आधी विभाग तपासा. डीव्हीडीसाठी ब्रिटन विभाग २, अमेरिका १ आणि भारत ५. ब्लू-रेसाठी ब्रिटन बी, अमेरिका ए आणि भारत सी. म्हणजे ब्रिटिश काय, अमेरिकन काय, विभागबंद डिस्क भारतीय प्लेअरवर चालणार नाही. ‘मल्टी-रीजन’ प्लेअर घेताना विचारून घ्या, कारण बऱ्याच प्लेअरवर डीव्हीडी सगळ्या विभागांच्या चालतात पण ब्लू-रे नाही. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हला विभाग फक्त ५ वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो निवडाल तो कायमचा. अमेरिकेत राहून ब्रिटिश डिस्क मागवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. विभाग सुटला तरी तिथले काही प्लेअर आणि टीव्ही ५० हर्ट्झचं चित्र घेत नाहीत.

सबटायटल आहेत का, हे खरेदीआधी पाकिटाच्या मागे पाहून घ्या. रे विन्स्टनचा विल स्कार्लेट अस्सल लंडनी बोलतो, आणि इंग्रजी सफाईने येणाऱ्यांनाही पहिले दोन भाग तो निसटतो.

मुलांना दाखवावी का?

शनिवारी संध्याकाळी घरच्यांनी एकत्र बघायची म्हणूनच ती केली होती, पण १९८०च्या दशकातलं ‘घरच्यांसाठी’ आजच्यापेक्षा कडक आहे. रक्त फार नाही, मरणं पुष्कळ आहेत. दहा वर्षांच्या आतल्यांना सुरुवातीचं गाव जाळण्याचं दृश्य, ‘द स्वोर्ड्स ऑफ वेलंड’मधला सैतानपूजेचा भाग आणि ‘क्रॉम क्रूअक’ भीतीदायक वाटू शकतात. हे आधी स्वतः बघा. लॉक्सलीच्या मरणाचा भाग रात्री झोपायच्या वेळी लावू नका.

चित्रीकरणाच्या जागा बघायच्या आहेत. शेरवुडला जाऊ का?

शेरवुडला जायला हरकत नाही, पण मालिका तिथे घडलेली नाही. एचटीव्हीचं ठाणं ब्रिस्टलला, म्हणून बहुतेक काम नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये झालं. ब्रिस्टलजवळचं ब्लेझ कासलचं रान हे पडद्यावरचं शेरवुड. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनमधलं चौदाव्या शतकातलं धान्याचं भलंमोठं कोठार, सुमारे ५१ मीटर लांब, तेही वापरलं गेलं. नॉटिंगहॅमचा किल्ला म्हणून दिसतो तो उत्तरेतला ॲनिकचा किल्ला. जवळचं रेल्वे स्टेशन ॲल्नमथ.

खुद्द नॉटिंगहॅमला किल्ला बघायला जाणारे हमखास हिरमुसतात. मध्ययुगीन किल्ला १६५१ साली पाडला गेला, आज टेकडीवर उभा आहे तो सतराव्या शतकातला सरदारी वाडा. त्यापेक्षा शेरवुडमधल्या एडविन्स्टो गावी जा, तिथला ‘मेजर ओक’ बघा. त्या ओकचा विस्तार इतका की फांद्यांना खालून टेकू दिलेले आहेत.

चौथं पर्व का आलं नाही? गोष्ट तर अर्धवट राहिली.

पैशांमुळे. गोल्डक्रेस्टचे मोठे चित्रपट आपटले, कंपनी अडचणीत आली आणि तिने हात काढून घेतला. रानात फिल्मवर केलेली मालिका एकट्या एचटीव्हीला झेपणारी नव्हती. म्हणून ‘द टाइम ऑफ द वुल्फ’च्या शेवटी मॅरियन मठात राहते आणि रॉबर्ट जंगलात, तो धागा तसाच लोंबत राहिला. पुढे कार्पेंटर २०१२ साली गेले. त्यांच्या एका न झालेल्या पटकथेवर २०१६ साली ‘द नाइट्स ऑफ द अपोकॅलिप्स’ हे ध्वनिनाट्य निघालं, चाहत्यांच्या वर्गणीतून, मूळच्या बऱ्याच नटांना घेऊन. गिझबर्न करणारे रॉबर्ट ॲडी आणि हर्न करणारे जॉन ॲबिनेरी तोवर हयात नव्हते. हर्नचा आवाज ॲबिनेरींचा मुलगा डॅनियल याने दिला.